रेषा सरळ, बोल्ट ढिले

४ फेब्रुवारी
कॅम्पवरून

ताई,

नमस्कार केला असं धरून चाल, हात काळे आहेत आणि कागद एकच आहे. फोनला इथे रेंज नाही हे तुला माहीतच आहे. रेशनची जीप आठवड्यातून एकदा खाली जाते, तिच्या ड्रायव्हरच्या खिशात हे कोंबतोय.

आधी कौतुक, मग तक्रार. तू ट्रकला बसवलेला नवा इनटेक, हवा आत घेणारा तो पाइप, म्हणजे एक नंबर काम! जुन्या फिल्टरच्या डब्यातून गाडी सर्दी झाल्यासारखी श्वास घ्यायची, आता सिमेंटची पोती भरली तरी चढ कसा संपतो कळत नाही. मुकादमाने लगेच मला वरच्या रस्त्यावर, बोगद्याच्या फेऱ्यांना घेतलं. तिथे निवडक ड्रायव्हर जातात, बाकीचे नदीवरून वाळू आणत बसतात. तुझा भाऊ आता निवडक आहे, गल्लीत सांगायला हरकत नाही.

आता तक्रार. आमच्या फाटकापाशी एक छोटा चढ आहे. रोज सकाळी मुकादम प्रत्येक भरलेली गाडी त्यावर चढवून बघतो. जी धापा टाकेल किंवा जिचा पिवळा दिवा लागेल, तिला वर सोडत नाही, माल उतरवून वाळूला लावतो. परवा माझीच गाडी अर्ध्या चढावर गुदमरली. सगळ्यांसमोर! बॉनेट उघडलं तर नव्या पाइपवरचा हवा मोजणारा सेन्सर डुगडुगतोय. त्याचे दोन्ही बोल्ट ढिले. आवळले, गाडी पुन्हा ठणठणीत. उस्तादबाई, त्या दिवशी लक्ष कुठे होतं तुमचं?

बाकी बरं आहे. गेल्या महिन्यात आमच्यातला शिट्टी म्हणून एक ड्रायव्हर वरच्या वळणावरून खाली गेला. तेव्हापासून तुझी भावजय जरा गप्प असते. दवाखान्यात नर्स म्हटल्यावर हे सगळं तिच्याच हाताखालून जाणार. होईल ठीक.

तुझा
बारक्या


१२ फेब्रुवारी
गॅरेज

बारक्या,

तोंड वर करून लिहितोस, वर कौतुकाचा मुलामा! माझं लक्ष कुठे होतं म्हणे. तू माझ्या उरावर बसून "झालं का, झालं का" करत होतास, तिथे होतं.

पण चूक माझीच आहे. तुझ्या जुन्या डब्यात बोल्टासाठी पितळी आटे होते. हा बाहेरच्या कंपनीचा पाइप नुसता प्लॅस्टिकचा, बोल्ट थेट प्लॅस्टिकला चावतो. तुमच्या त्या खडबडीत रस्त्यावर तो किती दिवस तग धरणार? मला तेव्हाच सुचायला हवं होतं. आणि तू आता जोर लावून आवळले असशील, म्हणजे उरलेसुरले आटेही गेले. लहानपणापासून तुझं हे असंच, झाकण लागत नसलं की बुक्की मार.

नीट वाच. सेन्सर ढिला झाला की त्याच्या बाजूने हवा चोरून आत जाते, ती मोजली जात नाही. गाडीच्या कंप्युटरला वाटतं हवा कमी आली, तो डिझेल कमी सोडतो. म्हणून धाप लागते. ही मस्करीची गोष्ट नाही. फाटकावर लागली ती धाप वळणावर लागली असती तर?

सोबत पुडी पाठवतेय. त्यात दोन लांब बोल्ट, मागून धरायला दोन नट आणि आट्यांना लावायचा निळा गम आहे. गम लावून आवळ आणि रात्रभर सुकू दे. मग पिवळ्या रंगाने बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ मार. मी माझ्या हातच्या प्रत्येक बोल्टला मारते, तुझ्याच वेळी राहिली. रोज सकाळी नुसती रेघ बघायची. तुटलेली दिसली, की बोल्ट फिरला.

शिट्टीचं तू दोन ओळींत उरकलंस. माणूस गेला ना तो? मला धड झोप लागलेली नाही. लगेच उत्तर टाक.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

झोप. सगळं तू सांगितलंस तसं केलं. रेघ तर अशी मारली की तुझ्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी शाबासकी दिली असती. चार दिवस गाडी वर-खाली मस्त चालली.

आणि तीन दिवसांपूर्वी सकाळी पुन्हा तेच. फाटकाचा चढ, धाप, पिवळा दिवा, मुकादमाचा हात नदीकडे. उतरून पाहिलं तर सेन्सर हलतोय. पण ताई, रेघा सरळ! दोन्ही बोल्टांच्या. कुठे तुटलेल्या नाहीत, सरकलेल्या नाहीत. मी डोळे चोळून पाहिलं. रेघ म्हणतेय घट्ट आहे, बोट म्हणतंय ढिलं आहे. आता कोणाचं ऐकू?

पुन्हा गम लावला, पुन्हा आवळलं, जुनी रेघ पुसून नवी मारली. तीन दिवसांनी आज परत ढिले. रेघा परत सरळ.

पोरं चिडवायला लागलीत. चष्मेवाला म्हणून एक आहे, वरच्या रस्त्याचाच, तो म्हणतो, "तुझ्या गाडीला वरची हवा मानवत नाही रे, वाळूच बरी." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. पण आतून जळलो. तू एवढा जीव ओतून काम केलंस आणि मी वाळूत लोळतोय.

कायतरी उपाय सांग.

बारक्या


१ मार्च

बारक्या,

उपाय नंतर. आधी मी काय केलं ते ऐक.

तुझ्या पाइपसारखाच एक पाइप आणला. तसेच बोल्ट, तसाच गम, तशीच रेघ. आणि तो हवा भरायच्या कॉम्प्रेसरवर बांधून ठेवला. तो दिवसभर थडथडतो, त्याच्यासमोर तुमचा रस्ता म्हणजे गादी. पाच दिवस झाले, बोल्ट तसूभर हलला नाही. गम एकदा धरला की पाना लावल्याशिवाय सुटत नाही.

मग रेघ. हादऱ्याने सुटणारा बोल्ट पाव फिरेल, अर्धा फिरेल, कुठेतरी वाकडा थांबेल. दोन वेगळे बोल्ट, दोन वेगळ्या जागी थांबतील. रेघ पुन्हा तंतोतंत जुळायची असेल तर बोल्ट पूर्ण फेरा फिरला पाहिजे, एक नाहीतर दोन. दोन्ही बोल्ट, दोन्ही वेळा. हादऱ्याला मोजता येत नाही, बारक्या. माणसाला येतं.

कोणीतरी हाताने सोडतंय. आणि सोडून झाल्यावर रेघ जुळवून ठेवतंय, म्हणजे घिसाडघाई करणारा कोणी नव्हे, नीटनेटक्या हाताचं माणूस आहे.

तुझ्यावर कोणाचा डोळा आहे का? बॉनेट उघडायला केबिनची किल्ली लागते, ती कोणाकडे असते? भांडायला जाऊ नकोस. तुझं डोकं कसं आहे ते मला माहीत आहे. नुसता डोळा ठेव. आणि छडा लागेपर्यंत वर जाऊ नकोस, माझी शपथ आहे तुला.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. चष्मेवाला! दुसरा कोण? मी वाळूला गेलो की माझ्या फेऱ्या त्याला मिळतात. शिवाय त्याच्या गाडीत सगळं कसं फडक्याने पुसलेलं, हत्यारं ओळीने लावलेली. नीटनेटका हात म्हणालीस ना?

भांडू नको म्हणालीस, पण ते पुढच्या पानावर होतं आणि तोवर मी त्याची कॉलर धरली होती. चार जणांनी सोडवलं. तो एवढंच म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" चष्मा फुटला त्याचा. मुकादमाने दोघांना ताकीद दिली. आता माझ्याशी कोणी धड बोलत नाही. नाही बोलले तर नाही. मीही उशाला मोठा पाना घेऊन झोपतो. पुन्हा हात लावू दे, हात ठेवणार नाही जाग्यावर.

किल्लीचं विचारलंस. ती घरातच असते, दारामागच्या खिळ्याला, हिच्या ॲप्रनशेजारी. तिथून कोण नेणार? पाच मिनिटं मी आंघोळीला जातो तेवढ्यातही ही गाडीपाशी उभी राहते, म्हणते, "तुम्ही जा, मी आहे इथे." बिचारीने हल्ली हसणंच सोडलंय. मी भांडलो त्या दिवशी तर जेवलीही नाही.

बोल्ट काल पुन्हा ढिले होते. एवढा पहारा असून! कसा करतो हा माणूस?

बारक्या


१६ मार्च

नर्सबाई,

हे पत्र तुझ्या नावाने दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नाही. का ते तुला कळेल.

मी आडवळणाने बोलायला शिकलेली नाही. तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला आलात तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्या मांडणीवरच्या सगळ्या डब्यांची लेबलं एका रेषेत समोर आली होती. मी बारक्याला म्हणालेही होते, ही पोरगी माझं गॅरेज लावायला मिळाली तर सोनं होईल.

बोल्ट तू सोडतेस ना?

त्याला मी काही लिहिलेलं नाही. तो दुसऱ्याच माणसाच्या जिवावर उठलाय आणि उशाला पाना घेऊन तुझ्याच शेजारी झोपतोय. मला खरं सांग. रागावणार नाही असं म्हणत नाही, पण आधी ऐकून घेईन.

ताई


२२ मार्च

ताई,

हो. मीच.

तुमचं पत्र हातात आलं तेव्हा रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. कोणालातरी कळलं एकदाचं.

शिट्टीला आणलं तेव्हा ड्युटीवर मी होते. तो शुद्धीवर होता. "सिस्टर, गाडीला फार लागलं का हो?" असं विचारत होता. गाडीला! मी म्हटलं, नाही, थोडंसंच. मग गेला. त्याचे बूट न्यायला कोणी आलं नाही, दवाखान्यात कपाटाखाली आहेत. तुमचा भाऊ रोज सकाळी तसलेच बूट घालून निघतो.

पहिल्यांदा बोल्ट आपोआपच ढिले झाले होते. दवाखान्याच्या खिडकीतून फाटकाचा चढ दिसतो. त्या दिवशी ह्यांची गाडी धापा टाकताना दिसली आणि मुकादमाने नदीकडे हात केला. मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मग तुमची पुडी आली, बोल्ट पक्के झाले, आणि हे पुन्हा वर जायला लागले. ते चार दिवस मी फक्त ॲम्ब्युलन्सचा भोंगा कधी वाजतो ते ऐकत होते. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याच रुग्णाला देणार होते, तेव्हा ठरवलं. हे आंघोळीला गेले की दोन मिनिटं पुरतात. रेघ जुळवते, कारण यांना वाटावं आपोआप झालं.

मी यांना सांगून पाहिलं नाही असं समजू नका. वर जाऊ नका म्हटलं. हसले. म्हणाले, "ताईने जीव ओतून इनटेक बसवलाय, आता मी घाबरून वाळू वाहायला लागलो तर तिला काय तोंड दाखवू?"

चष्मेवाल्याचं वाईट वाटतं. त्याचा चष्मा मीच चिकटवून दिला. पण थांबायला सांगू नका, ताई. ढिल्या बोल्टने हे नदीवर जातात, संध्याकाळी घरी येतात. मला एवढंच कळतं.

तुमची
भावजय


२६ मार्च

अगं वेडे,

जीपची वाट बघितली नाही. खडी न्यायला एक ट्रक तुमच्या बाजूला निघाला होता, त्याच्या हाती हे देतेय. वाचशील तिथून उठ आणि पाना घे.

तुझी भीती खोटी नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही काय केलं असतं देव जाणे. आणि माझ्या नावाखातर तो वर जातो? मला तोंड दाखवायला तो जिवंत पाहिजे, एवढंच मला हवंय! हे मी त्याला एकदाही लिहिलं नाही, नुसते बोल्ट पाठवत राहिले.

पण तू समजतेस तसा तो बोल्ट नाही. तू दोन फेरे सोडतेस आणि तुला वाटतं, फाटकावर धाप लागेल आणि काम भागेल. पुढचे फेरे रस्ता सोडवतो. बोल्ट पुरता निघाला आणि सेन्सर बाहेर लोंबला, की इंजिन नुसती धाप टाकत नाही, बंद पडतं. भरलेल्या गाडीचं इंजिन चढावर बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकची हवा नव्याने भरत नाही. मागे काय आहे ते तुला ठाऊक आहे. एखाद्या दिवशी मुकादम फाटकावर नसला, किंवा वर सिमेंट संपलं म्हणून त्याने काणाडोळा केला, तर तू ढिली केलेली गाडीच त्या वळणावर जाणार आहे.

आजच्या आज आवळ. आणि आजच त्याला सांग. चिडेल, आदळआपट करेल, करू दे. तू नाही सांगितलंस तर पुढच्या जीपने मी सांगणार.

मी इथे येरझाऱ्या घालतेय. गिऱ्हाइकाच्या गाडीत उलटा फिल्टर बसवला मी आज.

ताई


३० मार्च

ताई,

मी जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण तू पत्र उघडताना श्वास धरला असशील.

तुझं पत्र हिला मिळालं त्याच सकाळी सगळं झालं. हिने नेहमीप्रमाणे बोल्ट सोडले होते. फाटकावर गाडीने धाप टाकली, पिवळा दिवा लागला. पण मुकादम आदल्या दिवसापासून तापाने आडवा, आणि त्याच्या जागी नवा माणूस. बोगद्यात सिमेंट संपलेलं. तो म्हणाला, "दिवे नंतर बघू, गाडी काढ." मी काढली.

तिसऱ्या वळणावर आवाजच गेला. म्हणजे इंजिनाचा. एकदम शांत. स्टिअरिंग हलेना, गाडी मागे सरायला लागली. मी सगळं अंग स्टिअरिंगवर टाकलं आणि मागची बाजू डोंगराकडे वळवली. ब्रेक लागत होता, सुटत होता. मागून चष्मेवाल्याची गाडी येत होती. तो उडी मारून खाली उतरला आणि माझ्या चाकांमागे दगड टाकत सुटला, चालत्या चाकांमागे, ताई. ज्याची कॉलर धरली तो! तिसऱ्या की चौथ्या दगडाला गाडी थांबली. पुढचं एक चाक कठड्याच्या मातीत रुतलं होतं.

मी पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. मी म्हटलं, अजून कोणी कळवलंसुद्धा नाही आणि गाडी कशी आली? मागचं दार उघडून ही उतरली. तुझं पत्र हातात चुरगळलेलं, खिडकीतून माझी गाडी वर जाताना बघून निघालेली. मला बसलेला बघून तशीच पुढे आली. आणि सगळ्यांसमोर, चष्मेवाल्यासमोर, मोठ्याने म्हणाली, "मी केलं. बोल्ट मी सोडले. चष्मेवाल्याने काही केलं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी आता काय करतो म्हणून. मलाही तेच वाटत होतं. राग यायला हवा होता. आला नाही.

कारण काय ते तुलाच सांगतो. त्या सकाळी फाटकावरून निघाल्यावर मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं होतं. सेन्सरला बोट लावून पाहिलं. हलत होता. पाना खिशातच होता. मी आवळला नाही. वाटलं, पहिल्या चढाला गाडी धापेल, मग आपण परत फिरू, गाडीचंच कारण आहे, कोण काय बोलणार? शिट्टी गेल्यापासून मला त्या वळणावर घाम फुटतो, ताई. हात निसटतात. ज्या ज्या दिवशी बोल्ट ढिले निघाले, त्या त्या दिवशी मी वरून शिव्या दिल्या आणि आतून सुटलो म्हणालो. चष्मेवाल्याला एवढा धरला तो का, माहीत आहे? "वरची हवा मानवत नाही" म्हणाला तेव्हा वाटलं याने ओळखलं. पण त्या सकाळी गाडी पहिल्या चढाला धापली, तरी मागे चष्मेवाला होता, आणि मला परत फिरायची लाज वाटली.

हे मी हिला परत येताना ॲम्ब्युलन्समध्ये सांगितलं. हिने माझ्या दंडावर अशी चापट मारली की अजून वळ आहे. मग म्हणाली, "मग बोलला का नाहीत हो?" मी म्हटलं, "तू का नाही बोललीस?" मग दोघंही रडलो, ड्रायव्हर आरशातून बघत होता तरी.

चष्मेवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मलाही घाम फुटतो रे, फक्त चष्म्यामुळे दिसत नाही."

तू हिला लिहिलेलं वाचलं. तुला तोंड दाखवायला मी जिवंत पाहिजे, ते. चारदा वाचलं.

मुकादम उद्या कामावर येतोय. त्याला सांगायचंय, गाडीचं काही कारण न देता, की मला भीती वाटते, मी वर जाणार नाही. वाक्य पाठ करतोय दुपारपासून. ही विचारते, मी येऊ का सोबत?

ये म्हणालो.

बारक्या